कुत्रं गेलं म्हणून सुट्टी मागता येत नाही, म्हणून मी ताप आलाय सांगितलं

मार्चमधे मी ऑफिसला आयुष्यातला पहिला धडधडीत खोटा मेसेज टाकला, व्हायरल ताप आहे, दोन दिवस येत नाही. ताप वगैरे काही नव्हता. आदल्या रात्री आमचा पिंट्या गेला होता, तेरा वर्षांचा, गावठी, खाकी रंगाचा, एक कान उभा आणि एक कायम पडलेला, आणि मी बाथरूमच्या फरशीवर बसून रडत होते कारण घरात बाकी कुठेही बसलं की तो दिसत होता. त्याच्या आधीच्या वर्षी माझे एक चुलत मामा वारले, त्यांना मी दहा वर्षांत चारेक वेळा भेटले असेन, तेव्हा बॉसने एक शब्द न विचारता तीन दिवस सुट्टी दिली आणि वर 'काळजी घे' असा मेसेज. आमच्याकडे सुट्टीच्या फॉर्मात 'नातं' असा रकाना असतो, तिथे मी पिंट्याचं काय लिहिणार होते?

नंतर मी वाचायला लागले, पिंट्याच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून पिडलं, एका मैत्रिणीला पिडलं जी काउन्सेलर आहे, आणि जे कळलं ते इथे साध्या भाषेत लिहितेय. खोटे ताप आलेले माझ्यासारखे बरेच असणार.

मुळात एवढं लागतं का

आधी साधा हिशोब करू. कुत्र्याला दिवसातून दोनदा खाली न्यायचं, बारा वर्षं. म्हणजे ८,७६० फेऱ्या. पावसात, तापात, दहावीच्या पेपरच्या सकाळी, भांडण झालेल्या रात्री. एवढ्या वेळा आपण सख्ख्या भावाला तरी भेटतो का? माणूस गेल्यावर आठवण येते, प्राणी गेल्यावर आठवण तर येतेच पण त्याआधी आपल्या हातापायांना तो गेलाय हेच कळत नाही. लाईट गेलीये हे पक्कं माहीत असतं, तरी खोलीत शिरताना हात पंख्याच्या बटणाकडे जातोच ना, तसं. मेंदू सतत पुढचा अंदाज बांधून ठेवतो, दही काढायला डबा उघडला की नखांचा टकटक आवाज येणार, हे हजारो वेळा झालेलं असतं, आता डबा उघडला जातो आणि आवाज येत नाही. किंवा येतो! मला तिसऱ्या दिवशी पॅसेजमधे नखं वाजलेली स्पष्ट ऐकू आली. मला वाटलं डोकं फिरलं. तर काही नाही, हे खूप कॉमन आहे. वेल्समधे १९७१ साली एका डॉक्टरने जोडीदार गेलेल्या जवळजवळ ३०० माणसांना विचारलं होतं, त्यातल्या साधारण निम्म्यांना गेलेलं माणूस जवळ असल्यासारखं कधी ना कधी जाणवलं होतं, काहींना दिसलं, काहींना ऐकू आलं. ती माणसांची गोष्ट, पण आतली मशिनरी तीच.

चौथ्या दिवशी जेवताना मी पोळीचा शेवटचा तुकडा न बघता खुर्चीच्या डाव्या बाजूला खाली धरला. तेरा वर्षं रोज धरलेला. दोन सेकंद धरून ठेवला, मग नवऱ्याने बघितलं आणि मी बघितलं आणि दोघंही काही बोललो नाही.

दुसरं म्हणजे शरीरातलं रसायन. ऑक्सिटोसिन नावाचं एक हार्मोन असतं, आई आणि बाळ यांच्यातली ओढ पक्की करण्यात त्याचा मोठा हात असतो. २०१५ मधे जपानी संशोधकांनी दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यात बराच वेळ बघत बसले तर दोघांमधेही हे वाढतं. गंमत म्हणजे माणसांनी हाताने वाढवलेल्या लांडग्यांत तसं दिसलं नाही. म्हणजे कुत्रा आपल्याकडे बघतो ते 'खायला दे' एवढंच नसतं (आमच्याकडे पंचाहत्तर टक्के तेच होतं, तो भाग वेगळा). तेव्हा 'पोरासारखा होता' असं कोणी म्हणालं की आपण हसतो, पण शरीराच्या बाजूने बघितलं तर ते फार चुकीचं बोलत नाहीत.

या दुःखाचा एक वेगळा त्रास आहे, आणि त्याला नावही आहे

केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मधे एक कल्पना मांडली, मराठीत आपण तिला 'अमान्य शोक' म्हणू. म्हणजे असं दुःख जे खरं आहे पण समाज त्याला दुःख म्हणून मोजत नाही. त्यात लपवलेल्या नात्यातलं माणूस गेलं ते येतं, गर्भपात येतो, घटस्फोटित नवरा गेला ते येतं, आणि पाळीव प्राणी येतो. हा शब्द इथे एकदा सांगितला, पुन्हा वापरत नाही, पण डोक्यात ठेवा कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

आता आपल्याकडे माणूस गेलं की काय काय होतं ते आठवा. चार लोक धावून येतात, सामान कोण आणणार ते कोणीतरी ठरवतं, शेजारून पिठलं-भात येतो, घरात चूल पेटत नाही म्हणून. दहा दिवस लोक येऊन बसतात, तोच तोच किस्सा पन्नासदा विचारतात, 'शेवटी काय झालं हो?' आणि आपण पन्नासदा सांगतो. तेव्हा वैताग येतो, पण सांगून सांगूनच ते आतून जरा सैल होतं. मग दहावा, तेरावा, गोडाचं जेवण, की आता उठा आणि कामाला लागा. कोणाला पटो न पटो, ही एक सिस्टीम आहे, तिला सुरुवात आहे आणि शेवट आहे. पिंट्याच्या वेळी यातलं काहीच नाही. सकाळी दूधवाला आला, कचरेवाली आली, लिफ्टमधे जोशी काकू म्हणाल्या 'अरे आज एकट्याच?' आणि मी 'हो' म्हणून हसले. दुःख तेवढंच, फक्त त्याला जायला वाट नाही, मग ते पाईप चोक झाल्यासारखं भलत्याच ठिकाणाहून वर येतं. मला डी-मार्टात बिस्किटांच्या रॅकसमोर आलं.

माझ्या सासूबाई, ज्यांनी तेरा वर्षं पिंट्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही, त्या दहाव्या दिवशी सकाळी गॅलरीच्या कठड्यावर दहीभाताची मूद ठेवताना मला दिसल्या. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाल्या, कावळ्यांना ठेवलाय, उरला होता. सकाळी साडेसातला कुठला भात उरतो.

कुत्रा माणसासाठी रडला तर आपल्याला चालतं

ऑक्टोबर २०२४ मधे रतन टाटा गेले तेव्हा त्यांचा कुत्रा 'गोवा' अंत्यदर्शनाला मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्रात आणला होता, तो व्हिडिओ आठवतोय? आमच्या फॅमिली ग्रुपवर सहा जणांनी टाकला, खाली रडणाऱ्या इमोजींची रांग. त्याच ग्रुपवर मी पिंट्याचा फोटो टाकला तेव्हा एका काकांनी लिहिलं 'ओम शांती', आणि लगेच खाली गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल. रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावरून २०२५ मधे पुन्हा वाद पेटला, पुरावा आहे की नाही या भांडणात मी शिरत नाही, पण ती गोष्ट लोकांना इतकी वर्षं का धरून ठेवावीशी वाटली बघा, धन्यासाठी कुत्र्याने चितेत उडी घेतली. उलटी दिशा आली, म्हणजे माणूस कुत्र्यासाठी कासावीस झाला, की आपल्याला ते जरा बावळटपणाचं वाटतं.

पण आपल्याच मातीत उलट्या दिशेच्याही गोष्टी आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी छत्रपती शाहूंच्या लाडक्या 'खंड्या' कुत्र्याची समाधी आहे, शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात. जुन्नर तालुक्यात आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे, लोक आजही दर्शनाला जातात. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात उभा राहून इंद्राला सांगतो की हा कुत्रा बरोबर येणार नसेल तर मीपण येत नाही. आणि शेतकऱ्याला तर हे कधी समजवायला लागलंच नाही. माझ्या आजोळी बैल मेला तेव्हा आजोबांनी त्याला बांधावर पुरला, मीठ घातलं, आणि त्या वर्षी पोळ्याला पुरणपोळीला हात लावला नाही. त्यांना कोणी म्हणालं नाही की जनावरच होतं. शहरात फ्लॅटमधे आल्यावर आपण हे विसरलो असं माझं मत.

"जगात माणसं मरतायत आणि तुमचं काय कुत्र्याचं"

हो, मरतायत. पण दुःख म्हणजे काही पाण्याचा टँकर नाही की इकडे बादली दिली तर तिकडे कमी पडेल. पिंट्यासाठी रडले म्हणून मी कुठल्या पूरग्रस्ताच्या वाट्याचं रडू संपवलं नाही. यावर याहून जास्त लिहायची इच्छा नाही.

"बाबा गेले तेव्हा एवढं रडू आलं नाही, मी वाईट आहे का?"

हे लोक कुजबुजत विचारतात. मैत्रीण म्हणाली की तिच्याकडे येणारे तर मान खाली घालून विचारतात. याचं उत्तर असं की माणसांशी आपलं नातं गुंत्याचं असतं. वडिलांवर प्रेम असतं, राग असतो, धाक असतो, न बोललेलं खूप काही असतं, त्यामुळे ते गेल्यावर रडू यायच्या आधी दहा गाठी मधे येतात, शिवाय बँकेची कामं, मृत्यूचा दाखला, नातेवाईकांची सोय, रडायला वेळ कुठे असतो. कुत्र्याशी काही हिशोब बाकी नसतो. त्याने कधी टोमणा मारलेला नसतो, आपली पगारवाढ झाली की नोकरी गेली त्याला फरक पडलेला नसतो. तिथे दुःख थेट येतं, मधे काही अडवत नाही. त्यामुळे जास्त रडलो म्हणजे जास्त प्रेम होतं असं गणित मांडू नका, अश्रूंचं वजन काट्यावर होत नाही. आणि कधीकधी कुत्र्याच्या निमित्ताने वडिलांचं राहिलेलं रडणंही बाहेर येतं, तेही चालतंय.

"इंजेक्शन द्यायला मीच हो म्हटलं, म्हणजे मीच मारलं ना?"

हा सगळ्यात जड भाग आहे, म्हणून इथे जरा वेळ थांबते.

पिंट्याच्या किडन्या गेल्या होत्या. शेवटचे दोन महिने खिडकीच्या ग्रिलला कपड्यांचा हँगर लावून त्यावर सलाईनची बाटली टांगायची, मानेमागची कातडी चिमटीत उचलून सुई घालायची, तो डोळे मिटून बसायचा. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला एक कचरा जो किडनी साफ करते, तो वाढला की किडनी बिघडली समजायचं. तर मला सगळ्यात जास्त टोचत होतं ते हे की मला आधी कसं कळलं नाही, पाणी जास्त पीत होता तेव्हाच का नाही नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की कुत्र्या-मांजरात साधारण तीन चतुर्थांश किडनी निकामी होईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मलच दिसू शकतं. शिवाय प्राणी दुखणं लपवतात, जंगलात जो लंगडला तो मेला, ती सवय गेलेली नाही. मॅच हरल्यावर सोफ्यावर बसून सगळ्यांना कळतं की टॉस जिंकून बॅटिंग घ्यायला नको होती. टॉसच्या वेळी कोणालाच माहीत नसतं. आपण आज जे जाणतो ते घेऊन जानेवारीतल्या स्वतःवर खटला भरतो, हे अन्यायाचं आहे.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते कारण न सांगितल्यामुळे लोक नंतर भलतंसलतं समजत बसतात. आधी बहुतेक वेळा गुंगीचं इंजेक्शन देतात, प्राणी झोपतो. मग शिरेतून भुलेच्या औषधाचा खूप मोठा डोस जातो, ऑपरेशनला देतात त्याच जातीचं, त्याने आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. हा क्रम महत्त्वाचा, शुद्ध आधी जाते. नंतर डोळे उघडेच राहतात, हाताने मिटवले तरी नीट मिटत नाहीत, कधी एखादा श्वास घेतल्यासारखं अंग हलतं, सू होते. हे सगळं शरीराचं आपोआप चालतं, त्यात वेदना नाही. मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो शेवटचा श्वास बघून मी ओरडले की तो जिवंत आहे, थांबा.

कधी निर्णय घ्यायचा यासाठी ॲलिस विलालोबोस नावाच्या अमेरिकन पशुवैद्यक डॉक्टरांनी एक मोजपट्टी केलीये, तिचा गाभा असा की दुखतंय का, खातोय का, पाणी पितोय का, स्वच्छ राहतोय का, आनंद घेतोय का, चालता येतंय का, आणि चांगले दिवस वाईट दिवसांपेक्षा जास्त आहेत का. आम्ही शेवटचा प्रश्न कॅलेंडरवर केला. चांगला दिवस असेल तर निळी टिकली, वाईट असेल तर लाल. मार्चच्या पानावर निळ्या तीनच होत्या, त्यातली एक मी खोटी लावलेली.

आणि हो, थोडी सुटकाही वाटते. रात्री दोनला उठायचं नाही, फरशी पुसायची नाही. तसं वाटलं म्हणून स्वतःला राक्षस ठरवू नका, खूप दिवस आजारपण काढलेल्या घरात हे सगळ्यांना वाटतं, माणसाच्याही बाबतीत, फक्त बोलत कोणी नाही.

पाच पायऱ्या वगैरे

नेटवर लगेच सापडतं की दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, नकार, राग, घासाघीस, उदासी, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मधे हे मांडलं खरं, पण ते मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटबद्दल होतं, मागे राहिलेल्यांबद्दल नव्हतं. आपण त्याची स्लो लोकल करून टाकली, बोरिवली, कांदिवली, मालाड, ओळीने स्टेशनं येणार आणि चर्चगेटला उतरायचं. तसं होत नाही. १९९९ मधे नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी मांडलेलं मला जास्त पटलं, की माणूस झोक्यासारखा हलत असतो, एका टोकाला गेलेल्याचं दुःख, दुसऱ्या टोकाला रोजचं जगणं, गॅस बुक करणं, पोराचा डबा. दोन्हीकडे जाणं हेच बरं होणं. सकाळी रडलात आणि दुपारी रील बघून हसलात तर काही चुकलेलं नाही. सतत एकाच टोकाला अडकलात तर मात्र बघावं लागतं.

बघावं लागतं म्हणजे कधी

ही काही नुसती मनाची हळवी बाब नाही, शरीरावर येऊ शकतं. ताकोत्सुबो नावाचा एक हृदयविकार आहे, जपानमधे ऑक्टोपस पकडायच्या मडक्याला म्हणतात तो शब्द, कारण जबर धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा तसा फुगतो आणि हार्ट अटॅकसारखंच छातीत दुखतं. २०१७ मधे टेक्सासमधल्या ६१ वर्षांच्या एका बाईंची केस मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, कारणांमधे त्यांचा कुत्रा गेल्याचा धक्का होता. त्या बऱ्या झाल्या. त्यामुळे छातीत दुखलं तर 'कुत्र्यामुळे असेल' म्हणून घरी बसू नका, सरळ दवाखाना.

बाकी, झोप, जेवण, काम आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल, किंवा आपणही नको असं वाटायला लागलं असेल तर डॉक्टरांशी बोला, किंवा सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०२२ मधे लांबलेल्या शोकाला अधिकृत आजार म्हणून यादीत घेतलं, मोठ्या माणसांसाठी निदान वर्षभर झाल्यावर. त्या व्याख्येत मात्र 'व्यक्ती' गेली असेल तरच. बघा, सुट्टीच्या फॉर्मातला रकाना तिथेही आहेच.

घरातली पोरं आणि घरातला दुसरा प्राणी

पाचेक वर्षांच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे कायमचं हे कळत नाही, आमचा सहा वर्षांचा तरी त्याने विचारलं 'मग परत कधी आणायचा?' त्यांना 'झोपवलं' म्हणू नका, पोरं रात्री झोपायला घाबरतात. 'फार्महाऊसवर पाठवला' तर अजिबात नको, मोठी झाल्यावर कळतं आणि मग ते दुःख वेगळं. मेला हाच शब्द वापरा, शरीर चालायचं थांबलं असं सांगा.

घरात दुसरं कुत्रं असेल तर त्यालाही लागतं. २०२२ मधे इटलीत कुत्री पाळणाऱ्या ४२६ जणांना विचारून अभ्यास झाला, सोबतचं कुत्रं गेल्यावर राहिलेली बरीच कुत्री कमी खेळत होती, कमी खात होती, माणसाला चिकटून राहत होती. हे दुःखच की घरातल्यांचं बघून आलेलं, ते त्यांना विचारता येत नाही. त्याच्या खाण्याफिरण्याच्या वेळा तेवढ्या मोडू नका.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, कडू वाटली तरी. शेवटचं कुठे करायचं ते आधीच विचारून ठेवा. मुंबईत २०२३ मधे मालाडला महापालिकेची पाळीव प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू झाली, इतर शहरांत तुमच्या डॉक्टरांना माहीत असतं. गावी पुरणार असाल तर खड्डा खोल काढा, नाहीतर दुसरी कुत्री उकरतात. आम्ही काहीच ठरवलं नव्हतं, रात्री अकराला त्याला चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन फोन लावत बसलो होतो.

"दुसरं आणा की"

चांगल्या मनाने म्हणतात, माहीत आहे. पण दुसऱ्या दिवशी म्हणू नका. मोबाईल बिघडला नव्हता. आणायचंच नाही असंही काही नाही, काहींना महिन्याभरात घर खायला उठतं आणि ते आणतात, त्यात गेलेल्याचा अपमान नाही. एवढंच की नव्याला जुन्याचं नाव देऊ नये असं आपलं मला वाटतं, बिचाऱ्याला आयुष्यभर परीक्षा देत राहावं लागतं.

भेटायला जाणार असाल तर नाव घेऊन विचारा. आमच्या वॉचमनने विचारलं, 'पिंट्याला शेवटी काय झालं हो ताई?' आणि मी गेटवर उभी राहून वीस मिनिटं सांगत बसले, हातात भाजीची पिशवी, कोथिंबीर सुकून गेली.

पट्टा अजून दारामागच्या खिळ्यालाच आहे. परवा मुलगा तो काढून दोरीउड्या मारत होता, पुरत नव्हता, दर उडीला पायात अडकत होता. मी ओरडणार होते. सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, 'आखूड पडतोय गं त्याला, बाजारात गेलीस तर दोरी आण.'